अंड्यावरच्या कोंबडीला तंतू: कोणते, किती आणि केव्हा

पन्नास-शंभर कोंबड्या पहिल्यांदाच पाळणारा माणूस खाद्याचे पोते घेताना दोन गोष्टी बघतो, प्रथिने किती टक्के आणि भाव काय. लेबलवर त्याच्या शेजारीच आणखी एक ओळ असते, ‘क्रूड फायबर (कमाल)’, म्हणजे तंतू जास्तीत जास्त किती. ती वाचून अनेकांचा समज होतो, की तंतू म्हणजे भेसळ, जितके कमी तितके खाद्य चांगले. याउलट खाद्यावरचा खर्च वाचवायला मॅशमध्ये, म्हणजे भरडलेल्या तयार खाद्यात, पाटीभर कोंडा ओतणारेही पुष्कळ. पहिल्याच्या शेडमध्ये कोंबड्या एकमेकींची पिसे उपटायला लागू शकतात, दुसऱ्याची अंडी महिनाभरात घटतात.

हा लेख गादीवर, म्हणजे तुसाच्या लिटरवर, शंभरेक कोंबड्या ठेवून तयार लेअर मॅश घालणाऱ्या नवख्या पाळकासाठी आहे. ग्रामप्रिया, कावेरी, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) असोत की तपकिरी अंड्यांच्या संकरित कोंबड्या, तत्त्व एकच. तंतू कोणता आहे, तो किती भरड आहे आणि कोंबडीच्या कोणत्या वयात घातला, हे आधी पाहायचे, टक्केवारी नंतर. आणि तो संतुलित खाद्याच्या जोडीला द्यायचा, खाद्याच्या जागी नव्हे.

आधी कोंबडीचे पोट समजून घ्या

गाय कडबा खाऊन दूध देते, कारण तिच्या पोटात तंतू कुजवणारे जिवाणू असतात आणि चारा तिथे दिवस दिवस राहतो. कोंबडीचे तसे नाही. खाल्लेले काही तासांत बाहेर पडते. तंतू आंबवायला तिच्याकडे आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन छोट्या बंद नळ्या, म्हणजे अंधांत्रे, एवढीच जागा आहे आणि तिथून मिळणारी ऊर्जा किरकोळ असते. त्यामुळे ‘कोंडा खाऊन कोंबडी पोसते’ हा हिशेब चुकतो. कोंड्यातला स्टार्च, प्रथिने, तेल तिला मिळते, तंतू नाही.

मग तंतू द्यायचा कशाला? पेठ्यासाठी. कलेजी-पेठा घेताना आपण जो जाड स्नायूचा तुकडा आणतो, तो कोंबडीचा दळण्याचा अवयव. भरड, न विरघळणारे तुकडे त्यात अडकून राहतात, स्नायू त्यांच्यावर काम करत राहतो आणि बळकट होतो. त्याच्या आधी असलेल्या ग्रंथीमय जठरातून आम्ल जास्त पाझरते, अन्न पेठा आणि जठर यांच्यात मागे-पुढे घुसळले जाते आणि खाद्यातला स्टार्च जास्त चांगला पचतो. नुसत्या बारीक मॅशवर वाढलेल्या कोंबडीचा पेठा लहान आणि लिबलिबीत राहतो. घरी कोंबडी कापली तर एकदा पेठा हातात घेऊन पाहा, घट्ट आणि जाड भिंतीचा असेल तर भरडपणा पुरेसा आहे.

याचाच अर्थ असा, की पिठासारखा दळलेला तंतू टक्केवारीत दिसतो, पण पेठ्याच्या उपयोगाचा नाही. नवख्यांच्या ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

दोन जातींचे तंतू

न विरघळणारे तंतू म्हणजे भाताचे तूस, गव्हाचा जाड कोंडा, सूर्यफुलाची टरफले, पाल्याच्या शिरा. हे पाण्यात चिकट होत नाहीत, पेठ्याला काम देतात आणि पोट भरल्याची भावना देतात. कोंबड्यांवर या विषयाचे बरेचसे काम उत्तर युरोप आणि ऑस्ट्रेलियात झाले. तिकडे ओटची टरफले सहज मिळतात, म्हणून ती वापरली गेली. आपल्याकडे ओट शोधत बसण्याचे कारण नाही, तूस आणि कोंडा गिरणीत आहेच.

विरघळणाऱ्या तंतूंमधले काही आतड्यात खळीसारखे चिकट होतात. जव, राय यांच्यात असे तंतू भरपूर आणि गव्हातही थोडे असतात. गवार कोर्म्यात, म्हणजे गवारीच्या बियांतून डिंक काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत, राहिलेला डिंक तर तसाच चिकट. स्वस्त प्रथिन म्हणून कोर्मा खाद्यात येतो, पण प्रमाण वाढले की विष्ठा पातळ आणि चिकट होते, गादी ओली राहते, अंडी घाण होतात आणि अन्नांश आतड्यातून नीट शोषले जात नाहीत. मका-सोयाबीनच्या खाद्यात ही अडचण फारशी येत नाही. गहू किंवा जव मोठ्या प्रमाणात वापरायचा असेल तर झायलनेज, बीटा-ग्लुकनेज ही असे तंतू तोडणारी एन्झाइमे घातलेले खाद्य घ्यावे.

लेबलवरच्या क्रूड फायबरच्या आकड्यात हा फरक दिसत नाही. ही तपासणी जर्मनीतल्या वेंडे इथे १८६० च्या दशकात बसवली गेली. नमुना आधी सौम्य आम्लात आणि मग अल्कलीत उकळायचा, जे उरेल ते जाळून त्यातली राख वजा करायची. उकळताना विरघळणारे तंतू निघून जातात. म्हणून कोर्म्याचा चिकटपणा त्या आकड्यात येत नाही आणि ५ टक्के लिहिलेली दोन खाद्ये कोंबडीच्या पोटात अगदी वेगळी वागतात.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त बघा

काहीही घालण्यापूर्वी सकाळी गादीवर वाकून विष्ठा पाहा. नेहमीची विष्ठा घट्ट, तपकिरी-हिरवट आणि वर पांढरा थर असलेली असते. मधूनच गडद तपकिरी, लिबलिबीत आणि जास्त वास येणारी दिसते. ती अंधांत्रातली. दिवसातून काही वेळा अशी पडणे स्वाभाविक आहे, नवखे उगाच घाबरतात आणि औषध आणायला धावतात. मात्र विष्ठेत रक्त दिसले तर तो तंतूचा विषय नाही, पशुवैद्यकांना दाखवा.

मग गादीवर पिसे शोधा. कोंबड्यांच्या पाठी आणि शेपटीची मुळे उघडी पडली आहेत, पण खाली गळलेली पिसे मात्र दिसत नाहीत, असे असेल तर त्या पिसे खात आहेत. कोंबडीच्या पोटात पीस पचत नाही, ते तंतूसारखेच वागते. ज्या कळपांना भरड तंतू मिळतो तिथे पिसे उपटणे आणि गुदद्वाराला टोचणे कमी होते, हे प्रयोगांत अनेकदा दिसले आहे. पण केवळ तंतूला दोष देऊ नका. दाटी, शेडमधला प्रखर उजेड, मीठ किंवा मेथिओनिन या अमिनो आम्लाची कमतरता यांनीही टोचाटोची सुरू होते. गादीवर दर कोंबडीला साधारण २ चौरस फूट जागा आहे ना, हे आधी मोजा. जखमी कोंबडी लगेच वेगळी करा, रक्त दिसले की बाकीच्या थांबत नाहीत.

तिसरी खूण म्हणजे गादीतले तूस टिपून खाणे. थोडेफार सगळ्याच खातात. पण खाद्याचे भांडे भरलेले असताना त्या गादीच उकरून खात बसल्या असतील, तर त्यांना भरड काहीतरी हवे आहे.

दुसरी पायरी: जवळ काय मिळते ते ठरवा

टक्केवारी माल आणि गिरणीनुसार बदलते, तरी अंदाज असा: मक्यात क्रूड फायबर २ ते २.५ टक्के, सोया डीओसीत (तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीत) ५ ते ७, गव्हाच्या कोंड्यात ९ ते १२, तेल काढलेल्या भाताच्या कोंड्यात १२ ते १८, न सोललेल्या सूर्यफुलाच्या पेंडीत २५ च्या पुढे आणि भाताच्या तुसात ४० च्या आसपास.

नवख्याने गव्हाच्या जाड कोंड्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. तो कोरडा असतो, लवकर खवट होत नाही, कोंबड्या आवडीने खातात आणि त्यात प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास असतात. घेताना जाड पापुद्र्यांचा घ्या, भुकटीसारखा नको.

भाताच्या कोंड्याबाबत मात्र सावध राहा. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे गावातल्या हलर गिरणीतून जो कोंडा मिळतो त्यात तूस, कोंडा आणि कणी सगळे मिसळलेले असते. एका गिरणीचा माल दुसऱ्यासारखा नसतो. मूठभर कोंडा सुपात घालून पाखडा, उडून जाणारे तूस किती ते लगेच कळते. ताज्या कोंड्यात तेल असते आणि ते तोडणारे विकरही असते. त्यामुळे तो काही दिवसांतच खवटतो. जिभेवर कडवट लागला किंवा वास आला तर कोंबड्यांना घालू नका. आठवड्याला लागेल तेवढाच आणा. शिवाय या कोंड्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, कोंबडीला तो सहज मिळत नाही.

तूस हा सगळ्यात भरड पर्याय. त्यात सिलिका भरपूर आणि पोषण जवळजवळ शून्य. पण तुमची गादीच तुसाची असेल तर ते खाद्यात वेगळे घालू नका, कोंबड्या लागेल तेवढे गादीतून टिपतात. तुमचे काम एवढेच, की गादी रोज हलवायची, ओला झालेला भाग काढायचा आणि वर थोडे नवे कोरडे तूस टाकत राहायचे. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना ही सोय नसते. त्यांच्या मॅशमध्ये २ ते ३ टक्के तूस चालते.

सूर्यफुलाची पेंड चांगली, पण ती खाद्य बनवणाऱ्याने सूत्रात बसवायची वस्तू आहे, वरून घालायची नव्हे. विदर्भात सरकीची पेंड स्वस्त मिळते आणि जनावरांना चालते म्हणून ती कोंबड्यांना घालायचा मोह होतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना ती नको. तिच्यातल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि सरकीच्या तेलातल्या दुसऱ्या एका घटकामुळे पांढरा भाग गुलाबी होऊ शकतो. गिऱ्हाईक असे अंडे परत आणून देते.

तिसरी पायरी: पाला, पण भ्रम न ठेवता

लसूणघास, शेवग्याचा पाला, मेथी-पालकाची देठे, कोबीची पाने हे सगळे चांगले. लसूणघासाने बलकाला गडद पिवळा रंग येतो आणि कोंबड्या दिवसभर टोचत राहतात. हिरव्या पाल्याचा हाच मोठा फायदा आहे. पण त्याने खाद्य वाचते हे खरे नाही, आकडेमोड करून पाहा. ताज्या लसूणघासात सुमारे ८० टक्के पाणी असते. १०० कोंबड्यांना २ किलो घास दिला तर प्रत्येकीला २० ग्रॅम, त्यातले कोरडे वजन ४ ग्रॅम. तिचे रोजचे खाद्य मात्र ११० ग्रॅमच्या आसपास. पाण्यावर वाढणाऱ्या अझोला या वनस्पतीत तर पाणी ९३ ते ९५ टक्के. २० ग्रॅम अझोला म्हणजे कोरडा एक-दीड ग्रॅम. अझोल्याने कोंबड्यांचे खाद्य निम्मे होते असे जे सांगतात त्यांना ही बेरीज करून दाखवा. अझोला घाला, पण मॅशचे भांडे त्यासाठी रिकामे ठेवू नका.

पाला देण्याची पद्धत महत्त्वाची. लांब गवत जमिनीवर टाकले तर कोंबडी अखंड काडी गिळते. अशा काड्यांचा गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत गोळा होतो आणि पिशवी तुंबते. सकाळी उपाशीपोटीसुद्धा ती पिशवी फुगलेली, कणकेसारखी लागत असेल तर हेच झाले आहे. म्हणून पाला एक तर दोन-तीन सेंटिमीटर कापून द्या, किंवा जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर घट्ट टांगा, म्हणजे ती तुकडे तोडून खाते. टांगलेली जुडी मला जास्त पसंत आहे, कारण मागे राहणाऱ्या कोंबड्यांनाही टोचायला काहीतरी मिळते. दुपारी दोन-तीन वाजता टांगावी. सकाळी आधी मॅश खाऊ द्यावा.

सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, तिचा पाला टाळा. एरंड आणि रुई तर नकोच. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते हे शेतकऱ्याला सांगायला नको, कोंबड्यांनाही ती घालू नये. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे गवतही नको.

चौथी पायरी: वय पाहून प्रमाण

पहिल्या सहा आठवड्यांत पिल्लांना वेगळा तंतू देऊ नका. त्यांचे पोट लहान, वाढ वेगाची, प्रत्येक घासात पोषण हवे. पिल्लांचे खाद्य जसे आहे तसेच घाला.

खरी संधी असते तलंगांच्या वयात, साधारण आठव्या-दहाव्या आठवड्यापासून अंड्यावर येईपर्यंत. या काळात खाद्यात ५ ते ६ टक्के क्रूड फायबर, तेही भरड, मिळाले तर पोट आणि पेठा दोन्ही वाढतात आणि तलंग एका वेळी जास्त खायला शिकते. पुढे अंडी वेगाने वाढतात, भूक मात्र त्या वेगाने वाढत नाही. त्या आठवड्यांत आधी वाढलेले पोट कामी येते. या वयात दुर्लक्ष करून नंतर शिखरावरच्या कोंबड्यांना कोंडा घालणे म्हणजे उलटी गंगा. तलंगांच्या ग्रोवर मॅशमध्ये ५ ते १० टक्के जाड कोंडा चालतो, वजन वयाप्रमाणे वाढते आहे ना एवढे बघत राहा.

अंडी सुरू होऊन उत्पादन शिखराला असताना मॅशमध्ये काही मिसळू नका. गादीचे तूस आणि दुपारची जुडी पुरे. शिखर ओसरल्यावर कोंबड्या लठ्ठ व्हायला लागल्या, पोटावर चरबी हाताला लागू लागली, तर मॅशच्या ५ टक्क्यांपर्यंत कोंडा घाला. १०० कोंबड्यांच्या रोजच्या ११ किलो मॅशमागे हे अर्धा किलोच्या आसपास होते. तेही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत.

यापेक्षा जास्त घातले तर काय होते ते पाहू. समजा, ३.५ टक्के कॅल्शियम आणि किलोमागे २,६०० किलोकॅलरी ऊर्जा असलेल्या १० किलो मॅशमध्ये १ किलो गव्हाचा कोंडा मिसळला. प्रथिने जवळपास तेवढीच राहतात, म्हणून पाळकाला वाटते काही बिघडले नाही. ऊर्जा मात्र २,५०० च्या आसपास येते आणि कॅल्शियम ३.५ वरून ३.२ टक्क्यांवर. ११० ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला ३.८५ ग्रॅमऐवजी ३.५ ग्रॅम कॅल्शियम मिळाले. ती जास्त खाऊन हे भरून काढायचा प्रयत्न करते, पण एप्रिल-मेच्या उन्हात जास्त खाऊ शकत नाही. मग कवच पातळ होते आणि दोष कोंड्याऐवजी उन्हाला दिला जातो. म्हणून कोंडा सुरू केला की शिंपल्याचा जाड चुरा वेगळ्या भांड्यात ठेवाच. कोंबडी गरजेप्रमाणे, विशेषतः संध्याकाळी, तो उचलते.

शिंपला आणि खडी यांत गल्लत करू नका. शिंपला पोटातल्या आम्लात विरघळतो, तो कॅल्शियमसाठी. गारगोटीची बारीक खडी विरघळत नाही, ती पेठ्यात राहून दळायला मदत करते. पाला आणि अख्खे धान्य खाणाऱ्या, पण बाहेर न सुटणाऱ्या कोंबड्यांना दोन्ही लागतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या खडी स्वतःच शोधतात.

मॅशमध्ये कोंडा मिसळताना आणखी एक गोष्ट. कोंबड्या जाड कण निवडून खातात आणि तळाशी जीवनसत्त्वे-खनिजांची भुकटी राहते. दुपारपर्यंत भांडे एकदा पूर्ण रिकामे होऊ द्या, मगच नवे भरा. मॅश किंचित ओलावून दिला तर निवड कमी होते, पण तो तासाभरात संपेल एवढाच असावा, उरलेला आंबतो.

उन्हाळा आणि पावसाळा

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० च्या वर गेला की मॅशमधला वाढीव कोंडा बंद करा. भूक आधीच कमी झालेली असते आणि तिला पोषण थोड्या घासांत लागते. मॅश पहाटे आणि संध्याकाळी द्या. दुपारी ओला, थंड पाला टांगायला हरकत नाही. पाणी एरवीच खाद्याच्या दुपटीच्या आसपास लागते, उन्हात बरेच जास्त.

पावसाळ्यात कोंड्याला ओल लागते आणि बुरशी धरते. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. गादी ओली झाली तर आधी पाण्याची भांडी गळतात का आणि छपरातून सर येते का ते बघा. तिथे काही नसेल आणि विष्ठाच चिकट असेल, तर खाद्याच्या नव्या पोत्यात काय बदलले ते दुकानदाराला विचारा.

पाचवी पायरी: वही आणि तपासणी

रोजची अंडी, रोज संपलेले खाद्य आणि आठवड्यातून एकदा त्याच दहा कोंबड्यांचे वजन. दहा जणींच्या पायात रंगीत कडी घाला, म्हणजे त्याच सापडतात. कोंडा सुरू केल्यावर खाद्य थोडे जास्त संपले, अंडी आणि वजन टिकले, तर ठीक चालले आहे. वजन आणि अंडी दोन्ही उतरली तर कोंडा निम्मा करा आणि आठवडाभर थांबा. अंडी तेवढीच, पण फुटकी जास्त निघत असतील तर शिंपल्याचे भांडे रिकामे आहे का ते बघा. पिसे मात्र लगेच येत नाहीत. उपटणे थांबल्यावर नवी पिसे यायला आठवडे लागतात. तोवर नव्या जखमा दिसत नाहीत, एवढीच सुधारणेची खूण धरा.

खाद्याबद्दल शंका आली, किंवा स्वतः भरडा बनवायला घेतला, तर नमुना तपासून घ्या. माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत पशुपोषण विभाग आहेत. तिथे आधी चौकशी करा. नमुना एकाच पोत्याच्या तोंडातला नको. तीन-चार पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ काढा, एकत्र करा आणि त्यातला अर्धा किलो कोरड्या पिशवीत बंद करून द्या. प्रथिने आणि क्रूड फायबरबरोबर ‘आम्लात न विरघळणारी राख’ हीसुद्धा तपासायला सांगा. तुसातल्या सिलिकामुळे हा आकडा चढतो. क्रूड फायबर आणि ही राख दोन्ही जास्त आली तर खाद्यात तूस दळून मिसळल्याची शक्यता मोठी. फायबर बेताचे आणि राखच जास्त असेल तर ती माती-रेती.